नातीची पहिली गळाची काठी

आमच्या माळ्यावर एक निळी फिशिंग रॉड पडून आहे. दहा फुटी, एकात एक सरकणारी, चकचकीत मोठं रीळ लावलेली. थोरल्या नातवाला सहावं लागलं तेव्हा मी ती घेतली. दुकानात त्याला नेलं नव्हतं, वाढदिवसाला अचानक हातात द्यायची हौस होती. तळ्यावर गेलो तर पोरगं ती दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून उभं राहिलं. टोक पाण्यात टेकलं. रिळाचा दांडा फिरवायला एक हात सोडला की रॉड खाली. शेवटी मीच ती धरून बसलो आणि ते कडेला बसून खडे मारत राहिलं. आता ते तेरा वर्षांचं आहे आणि तळ्यावर चल म्हटलं तरी येत नाही. रॉडमध्ये काही खोट नव्हती. मला लहानपणी जी हवी होती ती मी घेतली, त्याच्या मनगटाला काय पेलेल हे बघितलंच नाही. त्याची मला अजून चुटपुट आहे.

म्हणून धाकटी नात गेल्या वर्षी मे महिन्यात पुण्याहून आली आणि "आबा, मला पण मासं धरायचंय" म्हणाली, तेव्हा मी आधी तिचं माप घेतलं. 33 वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभं राहिलेला माणूस मी. जॉब हातात यायच्या आधी ड्रॉइंग बघायचं ही सवय, पण थोरल्याच्या वेळी तीच विसरलो होतो. तर नातवंडासाठी पहिली काठी घेणाऱ्या आजी-आजोबांना उपयोग होईल म्हणून, मी काय बघितलं ते सगळं लिहितो.

सगळ्यात आधी हे ठरवा की रीळ नको. सहा-सात वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच काम जमतं. साध्या काठीत काम एकच असतं. तरंगा बघायचा, तो बुडाला की काठी वर उचलायची. रीळ आलं की तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, सोडायचं, बोटानं अडवायचं, गुंडाळायचं, गुंता झाला की आजोबांना हाक मारायची, आणि मासा लागेपर्यंत मूल कंटाळून जातं. आपल्या तळ्यांत चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, अगदी काठालाच फिरते. तिच्यासाठी तंगूस लांब फेकायची गरजच पडत नाही.

लांबी किती? नातीची उंची तेव्हा पावणेचार फूट होती. मी काठी सात फुटांची केली. उंचीच्या पावणेदोन ते दोन पट, त्याहून जास्त नको. फार आखूड काठीनं गळ काठाच्या गवतातच पडतो, फार लांब झाली की टोकाचं वजन मनगटावर येतं. वजन मी दीडशे ग्रॅमच्या आसपास धरतो, म्हणजे तीन चांगली लिंबं. पण ताजव्यावरचं वजन फसवतं, कारण काठीचा जडपणा टोकाकडं असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. मुलाच्या हातात काठी द्या, हात पुढं, काठी आडवी, आणि बेचा पाढा म्हणायला सांगा. बे दाहे वीस होईपर्यंत टोक जागेवर राहिलं तर काठी त्याची. बे सक बाराला टोक झुकायला लागलं तर दुसरी बघा. माझ्या नातीनं पाढा दोनदा म्हटला आणि तिसऱ्यांदा सुरू केला, तेव्हा मीच थांब म्हटलं.

जाडी मुठीच्या मापानं. मुलानं मूठ वळल्यावर अंगठ्याचं टोक मधल्या बोटाला भिडलं पाहिजे. आमच्याकडं ते माप पाच सूत निघालं. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे साधारण सोळा मिलीमीटर. टोकाला एक सूत पुरे, पण ते लवचिक हवं. काठीचं टोक ताठ असेल तर माशानं झटका दिला की गळ त्याच्या तोंडातनं सुटतो.

आता काठी कसली? मी चिव्याची केली. गगनबावडा, आजरा, चंदगड या बाजूला चिवा भरपूर. हा बारीक बांबू जवळपास भरीव असतो, वाकतो पण सहजी मोडत नाही. बुरुडाकडंही मिळतो. त्यातली पावसाळा संपल्यावर तोडलेली, सावलीत वाळवलेली काठी मागा. हिरवी काठी जड असते आणि वाळताना पिळवटते. डोळ्यासमोर धरून बुडापासनं शेंड्याकडं बघा, जशी शाफ्टची सरळाई बघतात तशी. थोडा बाक असेल तर चालतं. टोकाला वीट बांधून आठ दिवस आढ्याला टांगली की बराच बाक जातो. पेरांवरचे डोळे घासा, पण खोलवर नको. पेर कापलं की काठी तिथंच मोडते. मग बारीक पॉलिश पेपर आणि बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, दोन हात, दोन हातांत एक दिवस जाऊ द्या. हे काम नातवंडाला शेजारी बसवून करा. माझ्या नातीनं बेलतेलाचा एक हात स्वतः दिला, फडकं धरून, जीभ बाहेर काढून. तेव्हापासनं ती काठीला "माझी" म्हणते.

तंगूस फक्त शेंड्याला बांधू नका. शेंड्याला एक वेढा देऊन ते काठीच्या अंगानं खाली आणा आणि पकडीच्या वीतभर वर दुसरी पक्की गाठ मारा. कधी शेंडा मोडला तरी मासा आणि तंगूस हातात राहतं. हे मला माझ्या चुलत्यांनी भोगावती नदीच्या काठी शिकवलं. मोकळ्या तंगुसाची लांबी काठीपेक्षा एक वीत कमी ठेवा. मग काठी उभी केली की गळ झोक्यानं आपोआप मुलाच्या दुसऱ्या हाताशी येतो. लांबी जास्त झाली की गळ मुलाच्या डोक्यामागं जातो, शर्टात अडकतो, आणि रडारड होते. नुसत्या काठीत या एका मापाला सगळ्यात जास्त जपा.

ज्यांना चिवा मिळत नाही किंवा करत बसायला वेळ नाही, त्यांनी दुकानातनं घ्यावी. शेजाऱ्यांच्या नातवासाठी मी यंदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. काचतंतूची म्हणजे फायबर ग्लासची सरकती काठी घ्या. कार्बनची हलकी असते, महागही असते, पण दगडावर आपटली किंवा कुणी पाय दिला की तडकते, आणि लहान मूल काठी आपटणारच. फायबर ग्लास थोडी जड, पण मार खाते. आठ फुटांची चालेल, शेवटचा भाग न उघडता वापरली की ती छोटी होते.

दुकानात काठी पूर्ण उघडून बघा. दुकानदार घाई करेल, तरी उघडा. उघडताना आधी टोकाचा भाग, मग त्याखालचा, आणि मिटताना उलट, बुडाकडचा जाड भाग आधी. प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून काठी हलकेच हलवा. खटखट जाणवली तर तिथं खेळ आहे, ती परत ठेवा. सांधे पिळून घट्ट करायचे नसतात, नुसते ओढून बसतात. काठावरची वाळू सांध्यात गेली की काठी मिटत नाही, म्हणून घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुऊन, उघडी ठेवून सुकवायची.

काठीला कड्या असतील, म्हणजे रिळाची रॉड असेल, तर खिशात थोडा कापूस घेऊन जा. आमच्या हिनं देवाच्या वातीसाठी आणलेला असतो तो उत्तम. त्याचा पातळ पुंजका करून प्रत्येक कडीतनं आरपार ओढा. कडीच्या आत डोळ्याला न दिसणारी चीर किंवा कंगोरा असेल तर कापसाचा तंतू तिथं अडकून राहतो. त्याच चिरेवर तंगूस रोज घासलं की एक दिवस ऐन मासा लागताना तुटणार. त्या दिवशी दुकानात पहिल्या रॉडच्या टोकाकडच्या कडीत तंतू अडकला. दुकानदारानं स्वतः बघितला आणि दुसरी काढून दिली. दुसरीतनं कापूस जसा गेला तसा बाहेर आला.

रीळ नऊ-दहा वर्षांच्या पुढं द्या, आणि तेव्हा पाच ते साडेपाच फुटी रॉड पुरते. रॉडवर यूएल, एल, एम अशी अक्षरं असतात. मुलासाठी एल, म्हणजे हलकी. रीळ लहानात लहान, हजार किंवा दोन हजार नंबरचं. दांडा सावकाश फिरवून बघा, कुठं अडखळतं का. पुढचा ब्रेकचा स्क्रू थोडा सैल करून तंगूस हातानं ओढा, ते सलग सुटलं पाहिजे, धक्के देत सुटलं तर मासा तोडून जाईल. तंगूस फिरकीच्या काठापासनं दोन मिलीमीटर खाली येईपर्यंत भरा. कमी भरलं तर लांब जात नाही, जास्त भरलं तर वेढे आपोआप सांडून गुंता होतो. ज्यावर बटन दाबून तंगूस सोडता येतं असं झाकणाचं रीळ मिळालं तर लहान बोटांना ते सोपं.

तयार सेटच्या डब्यात जे तंगूस आणि गळ येतात ते बहुतेक वेळा बदलावे लागतात. तंगूस जाड आणि स्प्रिंगसारखं वळलेलं असतं, गळ शिंगटी किंवा मरळ अशा मोठ्या माशाला शोभेल एवढा. पाव किलोच्या चिलापीला पाव मिलीमीटर जाडीचं तंगूस भरपूर झालं. मी मायक्रोमीटर लावून घेतलं, तुम्ही रिळाच्या कागदावर 0.25 बघा. गळाच्या नंबराचं गणित उलटं आहे, आकडा मोठा तितका गळ लहान. दहा किंवा बारा नंबर घ्या. चिलापीचं तोंड लहान असतं, मोठ्या गळाचं आमिष ती कुरतडून खाते आणि मूल रिकामा गळ वर काढत राहतं.

आणि गळाचा उलटा काटा घरीच पकडीनं दाबून सपाट करा. यात तडजोड करू नका. मी आठ वर्षांचा असताना काट्याचा गळ माझ्या अंगठ्यात रुतला होता. चुलत्यांनी सायकलवरून तालुक्याला नेलं, डॉक्टरांनी चिरून काढला, वर धनुर्वाताचं इंजेक्शन. काटा दाबलेला असता तर तो गळ आला तसा मागं निघाला असता. काटा नसलेल्या गळावरून थोडे मासे सुटतात, तंगूस ढिलं पडू दिलं नाही की फार नाही सुटत. डोक्याला टोपी आणि डोळ्याला साधा चष्मा हेही घाला, गळ हवेत असतो तेव्हा कुठं जाईल सांगता येत नाही.

वजनाला शिशाच्या गोळ्या मिळतात, त्या मुलाच्या हाती देऊ नका. शिसं विषारी, आणि लहान मुलं दातानं चावून गोळी बसवायला बघतात, आपणही लहानपणी तेच करत होतो. मी 3 मिलीमीटरच्या दोन पितळी नट ओवल्या. काम तेच होतं. तरंग्याला शाळूच्या कडब्याचं वाळकं धाट सोलून आतल्या भेंडाचा चार बोटं तुकडा घेतला आणि वितळलेल्या मेणबत्तीत बुडवला. मेण नसेल तर तासाभरात भेंड पाणी पितं आणि बसतं. वरच्या टोकाला नातीनं तिच्या आजीची नेलपॉलिश लावली, लाल. तो लाल ठिपका पाण्यावर लांबनं दिसतो, मुलाची नजर धरून ठेवतो.

आमिषाला गांडूळ चांगलं, पण सगळ्याच मुलांना हात लावायला आवडत नाही आणि जबरदस्ती करू नये. कणकेत थोडी हळद आणि तेलाचा थेंब घालून घट्ट मळा, मटारच्या दाण्याएवढी गोळी लावा. चिलापी तिच्यावर येते.

काठी हातात आली म्हणजे जागा निवडायची, आणि तिथं काठीपेक्षा जास्त विचार करा. पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या काठानं शेतीच्या मोटारी आहेत, त्यांच्या केबली काठावर पडलेल्या असतात, डोक्यावरनं तारा जातात. उभी काठी तारेला लागली तर काय होईल ते सांगायला नको. कार्बनच्या रॉडमधनं वीज वाहते, ओल्या बांबूमधनंही वाहू शकते. काठी उघडायच्या आधी वर बघायचं, हा आमच्या नातीचा पाठ झालेला नियम आहे. मे महिन्यात दुपारी वळीव येतो. ढग काळवंडले, गडगडलं की काठी जमिनीवर ठेवून घराकडं, मासा गळाला असला तरी. आम्ही सकाळी सातला जातो आणि नऊला परत.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांजवळ मुलाला नेऊ नका. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असोत की काढलेले, तिथं पाण्याला ओढ असते आणि वरनं ती दिसत नाही. पावसाळ्यात नदीचं नावच काढायचं नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 ला धोका, हे आकडे इथल्या प्रत्येक घराला पाठ आहेत, आणि 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या माणसाला वेगळं समजावायची गरज नाही. पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणाऱ्या चढणीच्या माशांचा मोह मोठ्यांनाच आवरत नाही, म्हणून म्हणतो. शेततळ्याच्या बाबतीत तर मी जास्तच कडक आहे. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही, कागदावर हाताला धरायला काही नसतं. गावतळ्याचा मातीचा, उतरता, गुडघाभर पाण्याचा काठ बघा. शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्या टाळा. तरंगतं जाकीट अंगात, आणि तुम्ही हाताच्या अंतरावर, फोन खिशात.

तळं कुणाचं आहे ते आधी विचारा. बऱ्याच तलावांत मासे धरायचा हक्क मच्छीमारांच्या सोसायटीला किंवा ठेकेदाराला दिलेला असतो, त्यांचं पोट त्यावर असतं. आम्ही जातो त्या तळ्याच्या राखणदाराला मी नातीलाच विचारायला लावलं. "काका, मी इथं मासा धरू का?" म्हणाली. ते हसले आणि कुठल्या झुडपाखाली चिलापी बसते ते दाखवून गेले.

तिथंच पहिली लागली. लाल ठिपका दोनदा थरथरला, मग तिरका होऊन पाण्याखाली गेला. मी काही बोललो नाही. तिनं काठी उचलली, शेंडा कमानीसारखा वाकला, आणि माप बरोबर असल्यामुळं मासा झुलत तिच्या डाव्या हाताशी आला. तळहाताएवढी चिलापी. पाठीवरचे काटे टोचतात, म्हणून हात ओला करून डोक्याकडनं शेपटीकडं पंख दाबत धरायचं हे आदल्या दिवशी वांग्यावर शिकवलं होतं. शिंगटी लागली तर मात्र मुलाला हात लावू देऊ नका, तिच्या बाजूच्या काट्यांची कळ दिवसभर राहते. मी तिला सांगितलं की ही चिलापी मूळची आफ्रिकेतली, आपल्या देशात 1952 साली आणली, आणि हिची आई अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. तिनं लगेच माशाचं तोंड वाकून बघितलं. पिल्लं नव्हती. तरी तिनं ती सोडून दिली. पुढच्या दोन मात्र घरी आणल्या आणि आजीनं कांदा-लसूण चटणी आणि आमसूल घालून कालवण केलं.

निघताना तुटलेल्या तंगुसाचे तुकडे डबीत भरून घरी आणायचे. काठावर टाकलेल्या तंगुसात बगळ्यांचे, खंड्यांचे पाय अडकतात. ते सोडवायला गेलं तरी पक्षी दर वेळी वाचतोच असं नाही. डबी नातीच्या ताब्यात असते, ती दुसऱ्यांनी टाकलेलंही उचलते.

खर्चाचं विचाराल तर काठीवर कमी करा आणि तंगूस, गळ, जाकीट यांवर करा. त्यातही जाकिटाला हात आखडू नका, आणि ते वजनाप्रमाणं घ्या, वाढत्या अंगाचं नको. सैल जाकीट पाण्यात डोक्यावरनं निघून जातं.

यंदा ती मे महिन्यात आली तेव्हा पहिल्यांदा माळ्याखाली गेली आणि काठी काढून आणली. बेलतेलाचा एक हात दिला, तंगूस नवं बांधलं, काटा दाबलेला गळ तिनं नखावर घासून स्वतः तपासला. मग बेचा पाढा म्हणून झाला, आता तिचा पाचाचाही पाठ आहे. पकडीवरची सुतळी मी उसवली आणि तिची मूठ जिथं आपोआप बसते तिथं परत गुंडाळली. गेल्या वर्षीच्या पेन्सिलीच्या खुणेपेक्षा ती दोन बोटं वर गेली आहे.